संगणकीय रसायनशास्त्राचा प्राध्यापक कसा घडतो : सीमाभागातील विद्यार्थी आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील शाळा-महाविद्यालयांत व्याख्यानासाठी गेलो की, व्याख्यान संपल्यावर जवळ येणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक जे प्रश्न विचारतात, ते वर्षानुवर्षे जवळपास तेच असतात. उभ्याउभ्या दिलेले उत्तर अपुरे राहते, म्हणून ती उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत. मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात मराठी माध्यमातून दहावी झालो. पीयूसी (अकरावी-बारावी) आणि बीएस्सी बेळगावात, एमएस्सी धारवाडला, पीएचडी पुण्यात आणि त्यानंतर दोन वर्षे जर्मनीत संशोधन, असा प्रवास करून आज कर्नाटकातील एका विद्यापीठात रसायनशास्त्राचा प्राध्यापक आहे. त्यामुळे काही उत्तरांना स्वतःच्या अनुभवाचा आधार आहे.

संगणकीय रसायनशास्त्र म्हणजे नेमके काय?

रेणूतील अणूंना एकत्र धरून ठेवण्याचे काम इलेक्ट्रॉन करतात. कोणता बंध आधी तुटेल, औषधाचा रेणू शरीरातील प्रथिनाला कोठे चिकटेल, हळद पिवळी का दिसते, या सर्व प्रश्नांची उत्तरे अखेर इलेक्ट्रॉनांच्या वागणुकीत सापडतात, आणि ती वागणूक कोणत्या समीकरणाने ठरते हे एर्विन श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी वॉल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन या शास्त्रज्ञांनी हे नवे गणित हायड्रोजनच्या रेणूला लावून, दोन अणूंमध्ये बंध का तयार होतो याचे पहिले समाधानकारक स्पष्टीकरण दिले. अडचण अशी की, एकाहून अधिक इलेक्ट्रॉन आले की हे समीकरण कागदावर तंतोतंत सुटत नाही. पॉल डिरॅक यांनी १९२९ मध्येच लिहून ठेवले होते की, रसायनशास्त्राला लागणारे मूलभूत नियम हाती आले आहेत, मात्र त्यांतून निघणारी समीकरणे इतकी गुंतागुंतीची आहेत की व्यवहारात चालतील अशा अंदाजी पद्धती शोधाव्या लागतील.

पाण्याच्या रेणूत १० इलेक्ट्रॉन असतात, निपाणीच्या तंबाखूत असणाऱ्या निकोटीनच्या रेणूत ८८, आणि पश्चिम घाटातील नरक्या या झाडात सापडणाऱ्या कॅम्प्टोथेसिन या द्रव्याच्या रेणूत १८२. अशा रेणूंसाठी अंदाजी पद्धती तयार करणे, त्या संगणकावर बसवणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आलेले उत्तर कितपत चुकीचे असू शकते हे प्रामाणिकपणे सांगणे, हे आमचे काम आहे.

यासाठी संगणकशास्त्राची पदवी घ्यावी लागते का?

नाही. पदवी रसायनशास्त्राचीच घ्यावी. प्रोग्रामिंग नंतर शिकता येते. रसायनाची जाण तशी वरवर शिकता येत नाही.

परीक्षानळी हातात न घेता हे रसायनशास्त्र कसे?

हा प्रश्न मला माझ्या वडिलांनीही विचारला होता, आणि त्यांची शंका योग्य होती. आमच्या विभागात रसायनांच्या बाटल्यांऐवजी सर्व्हर असतात; तरीही आमच्या प्रत्येक निष्कर्षावर शेवटचा निवाडा प्रयोगच करतो. रेणूतील बंधांची लांबी क्ष-किरणांनी मोजता येते, त्याची कंपने अवरक्त वर्णपटात दिसतात, अभिक्रियेचा वेग घड्याळ लावून मोजता येतो. गणनेचे आकडे या मोजमापांशी जुळले नाहीत, तर बहुतेक वेळा गणनेत दोष असतो. क्वचित प्रयोगातही दोष निघतो, आणि तो गणनेमुळे लक्षात आला असे प्रसंग या शास्त्राच्या इतिहासात आहेत. परंतु तसे म्हणण्याआधी आपली गणना दहा वेळा तपासावी लागते. याचसाठी बीएस्सी आणि एमएस्सीच्या प्रात्यक्षिकांकडे दुर्लक्ष करू नये. अनुमापन करताना रंग बदलण्याच्या क्षणी हात किती चुकतो हे ज्याने अनुभवलेले नाही, त्याला मोजमापातील त्रुटी या शब्दाचा अर्थ पुस्तकातून कळणे कठीण असते.

संगणक इतके वेगवान झाले असताना अचूक उत्तर का मिळत नाही?

आमच्या व्यवसायाचे सारे मर्म या प्रश्नात आहे, म्हणून याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

पाण्याचे दोन रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधाने धरतात, तेव्हा त्या बंधाची ऊर्जा दर मोलमागे सुमारे ५ किलोकॅलरी असते. गणनेत मात्र ही ऊर्जा थेट हाती लागत नाही. त्यासाठी आधी दोन्ही रेणूंची एकूण ऊर्जा काढावी लागते, आणि ती दर मोलमागे जवळपास ९६,००० किलोकॅलरी भरते. अथणी-चिकोडीकडे साखर कारखान्याच्या काट्यावर वीस टन वजनाचा उसाचा ट्रक उभा करून, वाटेत मुलांनी त्यातला एखादा ऊस ओढून घेतला का, हे केवळ काट्यावरच्या आकड्यातून ओळखण्याइतके हे काम बारीक आहे. शिवाय ही बारकाई हौसेची नसते. खोलीच्या तापमानाला ऊर्जेत सुमारे १.४ किलोकॅलरीची चूक झाली, तर अभिक्रियेच्या वेगाचा अंदाज दहापट चुकतो.

अत्यंत विश्वासार्ह मानली जाणारी ‘कपल्ड क्लस्टर’ ही पद्धत तिच्या प्रचलित रूपात अशी आहे की, रेणूचा आकार दुप्पट केला की गणनेचा वेळ दोनाच्या सातव्या घातापर्यंत, म्हणजे १२८ पट वाढतो. एका तासाचे काम पाच दिवस आणि आठ तासांवर जाते. रेणू आणखी दुप्पट केला, तर ते जवळजवळ दोन वर्षांचे होते. संगणक दुप्पट वेगवान झाल्याने यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो नव्या विचाराने. तसा एक विचार वॉल्टर कोन यांनी १९६४ मध्ये होहेनबर्ग यांच्यासह आणि १९६५ मध्ये शॅम यांच्यासह मांडला. निकोटीनमधील ८८ इलेक्ट्रॉनांचे स्थान सांगायला २६४ निर्देशांक लागतात. कोन यांनी दाखवले की त्याऐवजी इलेक्ट्रॉनांची घनता पुरेशी आहे, आणि ती तर अवकाशातील तीनच निर्देशांकांवर अवलंबून असते. या घनता फलन सिद्धांतातील एक पद अजूनही कोणाला तंतोतंत माहीत नाही, म्हणून त्याचे अंदाजी रूप वापरावे लागते. तरीही आज जगभरातील बहुसंख्य गणना याच मार्गाने होतात.

दुसरा विचार आपल्या जवळचा आहे. पुणे विद्यापीठातील प्रा. श्रीधर गद्रे, ज्यांना १९९३ मध्ये विज्ञानातील मानाचा भटनागर पुरस्कार मिळाला, त्यांच्या गटाने मोठ्या रेणूचे एकमेकांवर येणारे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र गणना करून, ती शिंप्यासारखी पुन्हा जोडण्याची पद्धत विकसित केली. मोठी यंत्रे हाताशी नसलेल्या देशात राहून केलेले हे काम मी विद्यार्थ्यांना आवर्जून शिकवतो.

गणित किती लागते? पीयूसीनंतर कोणते विषय घ्यावेत?

गणित सोडू नका. बीएस्सीला आपल्याकडे पीसीएम आणि सीबीझेड असे दोन मुख्य रस्ते फुटतात, आणि वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र सोपे जाते या समजुतीने अनेक चांगले विद्यार्थी दुसऱ्या रस्त्याला लागतात. या विषयात यायचे असेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हेच तीन विषय ठेवावेत. १९५१ मध्ये रूथान आणि हॉल यांनी रेणूच्या समीकरणांना मॅट्रिक्सचे रूप दिले, म्हणूनच ती संगणकावर सोडवता आली. त्यामुळे मॅट्रिक्स, त्यांची आयगेन मूल्ये, अवकल समीकरणे आणि संभाव्यता यांवर पकड हवी. १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल कोन यांच्याबरोबर जॉन पोपल यांना मिळाले. पोपल यांची केंब्रिजची पीएचडी गणितातील होती आणि कोन हे भौतिकशास्त्रज्ञ होते. पोपल यांच्या गटाने १९७० मध्ये ‘गॉसियन ७०’ हा प्रोग्राम इतरांना खुला केला आणि ज्यांना स्वतः प्रोग्राम लिहिता येत नव्हता अशा रसायनशास्त्रज्ञांच्या हातीही ही गणना आली.

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला हे जमेल का?

जमेल. मात्र पीयूसीचे पहिले सहा महिने अवघड जातात हे आधीच मान्य केलेले बरे.

मी दहावीपर्यंत संयुजा, आम्लारी, क्षपण, समस्थानिक हे शब्द शिकलो होतो. बेळगावात पीयूसीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात ‘व्हॅलन्सी’, ‘बेस’, ‘रिडक्शन’, ‘आयसोटोप’ हे शब्द कानांवर पडले, तेव्हा मला येत असलेली गोष्टच हे शिकवत आहेत हेसुद्धा मला कळत नव्हते. शेजारच्या बाकावरची मुले भराभर लिहीत होती आणि मी कोऱ्या वहीकडे पाहत होतो. एका वयस्कर शिक्षकांच्या ते लक्षात आले. त्यांनी मला वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने आखायला सांगितले, एका बाजूला मराठी शब्द आणि दुसऱ्या बाजूला वर्गात ऐकलेला शब्द. दिवाळीपर्यंत त्या रकान्यांत तीनशेहून अधिक शब्द झाले आणि त्यानंतर त्यांची गरज उरली नाही.

आज मागे वळून पाहताना वाटते की, त्या मराठी शब्दांनी माझे नुकसान केले नाही, उलट पाया दिला. समस्थानिक म्हणजे आवर्त सारणीत एकाच स्थानी बसणारे, हे शब्दातच दिसते. संयुजा म्हणजे जोडले जाण्याची क्षमता, हेही शब्दातच दिसते. आपल्या मुलांना अडचण येते ती आकलनाची नसते, केवळ शब्दांच्या ओळखीची असते, आणि शिक्षकांनी हा फरक ओळखला पाहिजे. आठवी ते दहावीच्या मराठी शाळांतील विज्ञानशिक्षकांना माझी मनापासून विनंती आहे की, मराठी संज्ञा शिकवताना फळ्यावर कंसात तिचे दुसरे नावही लिहावे. एवढ्याने एखाद्या मुलाचे वर्ष वाचते.

कन्नडबद्दलही विचारले जाते. संशोधनाला तिची गरज पडत नाही. परंतु कर्नाटकातील महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर रामदुर्ग किंवा गोकाकहून आलेल्या विद्यार्थ्याची शंका त्याच्या भाषेत ऐकता आली पाहिजे. शाळेत शिकलेली कन्नड विसरू नये.

पुढची वाट कशी असते आणि किती वर्षे लागतात?

बीएस्सीची तीन वर्षे, एमएस्सीची दोन, पीएचडीची साधारण पाच, आणि त्यानंतर दोन ते चार वर्षांचे पोस्टडॉक्टरल संशोधन. म्हणजे पहिली कायम नोकरी लागेपर्यंत तिशी उलटलेली असते, ही गोष्ट घरच्यांनी सुरुवातीलाच समजून घ्यावी. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांतील एमएस्सीच्या प्रवेशासाठी ‘जॅम’ ही परीक्षा असते. पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट किंवा गेट ही राष्ट्रीय परीक्षा उपयोगी पडते. सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट, राज्याची सेट, अथवा यूजीसीच्या नियमांत बसणारी पीएचडी आवश्यक असते.

सीमाभागातील उमेदवारांनी येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. राज्यस्तरीय सेटची पात्रता त्या राज्यापुरतीच चालते. महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोवा यांसाठी असते, तर केसेट कर्नाटकासाठी. कोल्हापूरहून सेट उत्तीर्ण होऊन आलेल्या एका मुलाला बेळगावात अर्ज करताना हे कळले, तेव्हा त्याचे एक वर्ष वाया गेले होते. दोन्ही बाजूंना अर्ज करायचे असतील, तर नेटचीच तयारी करावी.

एमएस्सी आणि पीएचडी कोठे करावी?

जवळची नावे सर्वांना माहीत असतात : धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ (स्थापना १९४९), कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ (१९६२), बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ (२०१०), आणि अलीकडचे आयआयटी धारवाड (२०१६). थोडे दूर जायची तयारी असेल तर पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि विद्यापीठ आहे, बंगळूरात भारतीय विज्ञान संस्था आहे. परंतु पीएचडीसाठी संस्थेच्या नावाआधी मार्गदर्शक पाहावा. त्यांचे गेल्या पाच वर्षांतील संशोधन वाचावे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांशी एकांतात बोलावे. विद्यार्थी वेळेत बाहेर पडतात का, त्यांची नावे शोधनिबंधांवर येतात का, हे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ कळते.

खर्च कसा झेपेल?

बारावीला आपल्या मंडळात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर योजना वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत साहाय्य देते. आपल्याकडची अनेक हुशार मुले केवळ माहिती नसल्याने अर्ज करत नाहीत. नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे महिन्याला ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे पीएचडीच्या काळात घरून पैसे मागावे लागत नाहीत, उलट थोडे पाठवता येतात. मी माझ्या फेलोशिपमधून धाकट्या बहिणीच्या नर्सिंगची फी भरली होती.

महासंगणक बेळगावात नसताना येथे राहून संशोधन करता येते का?

येते, कारण महासंगणकाशेजारी बसावे लागत नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानानंतर देशातील अनेक संस्थांत परम मालिकेतील यंत्रे बसली. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील परम प्रवेग ३.३ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३,३०० लाख कोटी आकडेमोडी करणारा आहे. संशोधन प्रस्ताव मान्य झाल्यावर अशा यंत्रांवरचा वेळ मिळू शकतो, आणि मग बेळगावच्या टिळकवाडीतल्या खोलीतूनही काम पाठवता येते. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून दीर्घ गणना मधूनमधून जतन होईल अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून ठेवावी. चौथ्या दिवशी तुटलेली गणना पहिल्यापासून सुरू करण्याचे दुःख मी भोगले आहे.

आमच्या भागाशी या शास्त्राचा काय संबंध?

निपाणीच्या तंबाखूपासून सुरुवात करतो. निकोटीनच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात, एक पिरिडीनच्या कड्यात आणि दुसरा पायरोलिडीनच्या कड्यात. पाण्यात प्रोटॉन येऊन बसतो तो दुसऱ्यावर. तळहातावर तंबाखूला चुना लावून मळला की माध्यम अल्कधर्मी होते, प्रोटॉन निघून जातो, आणि प्रोटॉन नसलेले निकोटीन तोंडाच्या त्वचेतून अधिक सहज रक्तात शिरते. चुन्याने तंबाखू ‘लागते’ असे जे म्हणतात, त्यामागचे मोठे कारण हे आहे. आता हा प्रोटॉन किती घट्ट बसला आहे ते गणनेने काढायचे ठरवले, तर वर सांगितलेली १.४ किलोकॅलरी पुन्हा समोर येते, कारण तेवढ्या चुकीने आम्लतेचा आकडा पूर्ण एका एककाने सरकतो. शिवाय भोवतालचे पाणी हिशेबात न घेता एकटा रेणू घेतला, तर दोन्ही नायट्रोजन जवळजवळ बरोबरीचे दावेदार ठरतात. विद्रावकाचे महत्त्व पटवून देण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही, आणि निपाणीच्या मुलांना ते पाठ करावे लागत नाही.

नरक्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वॉल आणि वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळे केले; पश्चिम घाटातील नरक्यातही ते मिळते. पेशीतील टोपोआयसोमरेज-१ हे विकर डीएनएचा एक धागा तात्पुरता कापते, तेव्हा हा रेणू नेमका त्या कापलेल्या जागी जाऊन अडकतो आणि कर्करोगाच्या पेशीला पुढे वाढू देत नाही. मूळ द्रव्य पाण्यात नीट विरघळत नसल्याने त्याच्या रचनेत बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे तयार झाली. द्रव्याच्या मागणीपायी नरक्याची झाडे बेसुमार तोडली गेली. कोणता बदल करून पाहण्याजोगा आहे हे गणनेने आधी सांगता आले, तर प्रयोगाला लागणारे द्रव्य कमी होते, आणि त्या प्रमाणात झाडे वाचतात.

बेळगावात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधींवरील राष्ट्रीय संस्था आहे, त्यामुळे औषधी वनस्पतींच्या कामाकडे येथील विद्यार्थ्यांचा ओढा असणे स्वाभाविक आहे. मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ‘डॉकिंग’ नावाच्या सोप्या पद्धतीने एखाद्या पाल्यातील रेणू संगणकावर प्रथिनात बसवून पाहायचा, आणि आकडा चांगला आला की त्या वनस्पतीने अमुक रोग बरा होतो असे लिहायचे, ही सवय बोकाळली आहे. डॉकिंगच्या आकड्यात दोन-तीन किलोकॅलरीची चूक सहज असते, म्हणजे चिकटण्याच्या शक्तीचा अंदाज शंभरपटीनेही चुकू शकतो. शेकडो रेणूंतून तपासण्याजोगे दहा निवडायला ही पद्धत उपयोगी आहे. तिच्या आधारावर रुग्णाला आशा दाखवणे हा अपराध आहे, आणि मी माझ्या विद्यार्थ्यांना तसे वाक्य प्रबंधात लिहू देत नाही.

गणनेत चूक झाली तर ती कळते कशी?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका अभिक्रियेतील मधला टप्पा सापडला असे मानून सहा महिने काम केले. चोर्ला घाटाने गोव्याला गेलेल्यांना हे पटकन समजेल. डोंगररांगेतील खिंड ही रस्त्याच्या दिशेने पाहिल्यास सर्वांत उंच जागा असते, आणि आडव्या दिशेने पाहिल्यास दोन डोंगरांमधली सर्वांत खोल जागा. अभिक्रियाही अशीच खिंडीतून जाते. चोर्ला, अनमोड, आंबोली यांपैकी जी सर्वांत कमी उंचीची, ती तिची वाट. मधला टप्पा म्हणजे वाटेतली दरी; मी जिला दरी समजलो होतो, ती प्रत्यक्षात खिंड होती. रेणूची कंपने तपासली असती तर खिंडीची खूण असलेली एक काल्पनिक (गणितातील काल्पनिक संख्येत येणारी) वारंवारता दिसली असती आणि पाच मिनिटांत उलगडा झाला असता. ती तपासणी मी घाईत वगळली होती. माझ्या मार्गदर्शकांनी रागावण्याऐवजी तीच गणना माझ्यासमोर पुन्हा चालवली. त्या दिवसापासून वारंवारता तपासल्याशिवाय मी कोणताही आकडा कोणाला दाखवलेला नाही.

प्राध्यापकाचा दिवस कसा जातो, आणि पगार किती असतो?

यूजीसीच्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ आणि प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष शिकवणे असते. उरलेला वेळ विद्यार्थ्यांच्या गणना पाहण्यात, शोधनिबंध लिहिण्या-तपासण्यात, निधीसाठी प्रस्ताव करण्यात आणि परीक्षांच्या कामात जातो. स्वतः प्रोग्राम लिहायला हल्ली पहाटच उरते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते आणि प्राध्यापकाचे १,४४,२०० पासून, भत्ते वेगळे. कायम जागा थोड्या आहेत आणि अनेकांना अतिथी प्राध्यापक म्हणून वर्षे काढावी लागतात, हे लपवण्यात अर्थ नाही. औषधनिर्मिती आणि पदार्थविज्ञान क्षेत्रांतील कंपन्या बंगळूर, हैदराबाद, पुणे येथे या विषयातील पीएचडीधारकांना घेतात, आणि तो मार्ग दुय्यम मानू नये.

मुलीला या क्षेत्रात पाठवावे का?

जरूर पाठवावे. माझ्याकडे पीएचडी पूर्ण केलेल्या सात जणांपैकी चार मुली आहेत. लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर काम घरून सुरू ठेवता येणे ही या विषयाची मोठी सोय आहे. परंतु ती सोय आहे म्हणून घरातील सर्व कामे तिच्यावर टाकली, तर कोणतेही संशोधन होणार नाही, हे पालकांइतकेच सासरच्यांनीही ऐकावे.

कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर हा व्यवसाय राहील का?

२०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना प्रथिनांच्या गणनेसाठी मिळाले, तेव्हापासून हा प्रश्न वाढला आहे. हसाबिस-जंपर यांचा अल्फाफोल्ड प्रथिनाची घडी ओळखायला शिकला तो १९७१ पासून साठत आलेल्या, प्रयोगांनी ठरवलेल्या हजारो रचनांच्या साठ्यावरून. अणूंमधील बलांचे अंदाज करणाऱ्या नव्या पद्धतीही घनता फलन सिद्धांताच्या गणनांवरूनच शिकतात. शिकवण्यासाठी विश्वासार्ह आकडे कोणी तरी तयार करावे लागतात, आणि पूर्वी न पाहिलेला रेणू समोर आल्यावर उत्तर फसवे आहे का हे ओळखावे लागते. माझ्या मते नीरस काम कमी होईल आणि रसायनाची जाण असलेल्यांची गरज वाढेल.

आजच घरी बसून सुरुवात कशी करावी?

साधा लॅपटॉप पुरतो. लिनक्स बसवा, रेणू काढण्यासाठी अ‍ॅव्होगॅड्रो आणि गणनेसाठी साय-४ हे मोफत मिळणारे प्रोग्राम घ्या, आणि एनपीटीईएल या मोफत व्याख्यानांच्या संकेतस्थळावरची पुंजयामिकीची व्याख्याने सोबत ऐका. पहिला रेणू पाण्याचा घ्या. हार्ट्री-फॉक या प्राथमिक अंदाजी पद्धतीने, एसटीओ-३जी या अगदी लहान आधारसंचात (इलेक्ट्रॉनांचे वर्णन करण्यासाठी वापरलेल्या गणिती फलनांच्या संचात) गणना केली, तर दोन बंधांमधील कोन १०० अंश येईल. ६-३१जी* हा मोठा संच घेतला, तर तो १०५.५ अंश येईल. प्रयोगाने मोजलेला कोन १०४.५ अंश आहे. पहिला आकडा साडेचार अंशांनी कमी का पडला, दुसरा एका अंशाने पुढे का गेला, आणि आणखी मोठा संच घेऊनही तो फरक पूर्ण का मिटत नाही, याचा विचार करून जे सुचेल ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी मी तुमच्या महाविद्यालयात आलो, की ती वही घेऊन भेटा.